क्षयरोग उपचारातील सातत्य

क्षयरोग उपचारातील सातत्य म्हणजे क्षयरोगाचे निदान झालेल्या रुग्णाने नेमून दिलेली सर्व औषधे योग्य मात्रेत आणि पूर्ण मुदतीपर्यंत, खंड न पाडता घेणे. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगासाठी ही मुदत साधारणपणे सहा महिन्यांची असते. औषधे अर्धवट सोडल्यास रोग उलटतो, घरातील इतरांना संसर्ग होत राहतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात. त्यामुळे एका रुग्णाच्या गोळ्या चुकणे ही केवळ त्याची खासगी बाब राहत नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. निदान होण्यापूर्वी रुग्णाच्या वाट्याला निरुपयोगी तपासण्या, चुकीची औषधे आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात होणाऱ्या फेऱ्या येतात. त्यांत त्याचा पैसा, वेळ आणि डॉक्टरांवरील विश्वास खर्ची पडतो. पुढे सहा महिने उपचार टिकवून धरण्यासाठी नेमकी याच तीन गोष्टींची गरज असते. अनावश्यक उपचार टाळणे आणि आवश्यक उपचार पूर्ण करणे ही दोन्ही कामे त्यामुळे एकमेकांत गुंतलेली आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि सुमारे साडेबारा लाख लोक त्याने दगावले. एकूण रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते.

संज्ञा

रुग्ण औषधे नियमित घेतो की नाही यासाठी वैद्यकशास्त्रात पूर्वी ‘कंप्लायन्स’ हा शब्द रूढ होता. त्याचा अर्थ आज्ञापालन असा होतो. डॉक्टरांनी सांगावे आणि रुग्णाने ऐकावे ही कल्पना त्यामागे होती. पुढे त्याऐवजी ‘अ‍ॅडहिअरन्स’ हा शब्द आला. त्यात रुग्णाने समजून-उमजून मान्य केलेला उपचार अभिप्रेत आहे. मराठीत त्यासाठी ‘सातत्य’, ‘अनुपालन’ असे शब्द वापरले जातात. जुना ‘पथ्यपाणी’ हा शब्द या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. पथ्य पाळायचे रुग्णाने, पण पथ्याचे अन्न शिजवायचे घरच्यांनी. त्यामुळे त्या शब्दात जबाबदारीची वाटणी आपोआपच झालेली आहे.

उपचार सोडलेल्या रुग्णाला सरकारी कागदपत्रांत अनेक वर्षे ‘डिफॉल्टर’ म्हटले जाई. कर्ज बुडवणाऱ्यालाही हाच शब्द लावतात. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या व्याख्यांतून तो काढून टाकला आणि ‘पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. हा बदल केवळ सभ्यतेचा नव्हता. पाठपुरावा करणे हे आरोग्ययंत्रणेचे काम असल्याने, रुग्ण सुटला तर ते काम कोठे कमी पडले हे पाहणेही नव्या संज्ञेमुळे ओघाने आले.

औषधोपचार पूर्ण न होणे हा प्रश्न क्षयरोगापुरता मर्यादित नाही. मधुमेह, रक्तदाब, दमा अशा सर्वच दीर्घकालीन आजारांत तो आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा अशा आजारांवरील उपचारांचे सातत्य सरासरी ५० टक्क्यांच्याच आसपास असते. गरिबी किंवा अशिक्षितपणा हेच औषध सोडण्याचे कारण, हा समज या आकड्यापुढे टिकत नाही.

दीर्घ उपचाराची गरज

क्षयरोगाचे जंतू सावकाश वाढतात. शरीरात त्यांचे दोन गट असतात, असे स्थूलमानाने म्हणता येईल. पहिला गट वेगाने विभाजन पावणाऱ्या जंतूंचा असतो. तो आयसोनियाझिडसारख्या औषधांनी पहिल्या काही आठवड्यांतच बहुतांशी नष्ट होतो. त्याबरोबर ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक परत येते आणि वजन वाढू लागते. दुसरा गट जवळजवळ निद्रिस्त अवस्थेतील जंतूंचा असतो. औषधे प्रामुख्याने वाढत्या जंतूंवर परिणाम करीत असल्याने हा गट चिवटपणे टिकून राहतो. त्याचा नायनाट करण्यासाठी रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांचा उपयोग होतो, आणि त्याला वेळ लागतो. रुग्णाला बरे वाटणे आणि रुग्ण बरा होणे यांत अशा रीतीने चार महिन्यांचे अंतर पडते. उपचार सुटण्याचा सर्वांत मोठा धोका याच काळात असतो.

एकाच वेळी चार औषधे देण्याचे कारणही जंतूंच्या स्वभावात आहे. जंतूंची संख्या वाढताना त्यांच्यात निसर्गतःच बदल होत असतात. साधारणपणे दहा लाखांत एक जंतू आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एक जंतू रिफॅम्पिसिनला दाद न देणारा निघतो. फुफ्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. अशा वेळी एकच औषध दिले तर बाकीचे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्या मूठभर जंतूंना मोकळे रान मिळते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हा अनुभव आला होता. अनेक रुग्णांची प्रकृती आरंभी झपाट्याने सुधारली आणि नंतर तेच औषध त्यांच्यावर चालेनासे झाले. दोन औषधे एकाच वेळी निष्फळ ठरवणारा जंतू आपोआप निर्माण होण्याची शक्यता मात्र अत्यल्प असते. रुग्णाने चारपैकी सोसवतील तेवढ्याच गोळ्या घेणे किंवा डॉक्टरांनी निष्फळ ठरलेल्या उपचारात एकेक औषध वाढवत जाणे, या दोन्ही चुका म्हणूनच सारख्याच घातक आहेत.

मद्रासचा प्रयोग

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्षयरोगाचा मान्य उपचार म्हणजे आरोग्यधामात दीर्घकाळ राहणे. स्वच्छ हवा, संपूर्ण विश्रांती आणि पौष्टिक आहार ही त्याची त्रिसूत्री होती. महाराष्ट्रात पाचगणीचे बेल-एअर आरोग्यधाम याच विचारातून उभे राहिले. तथापि देशातील रुग्णांची संख्या लाखांच्या घरात आणि खाटा काही हजार, अशी स्थिती होती. खाट मिळेपर्यंत पुष्कळ रुग्ण दगावत.

औषधांचा शोध लागल्यानंतर या व्यवस्थेची खरोखरच किती गरज आहे, हे तपासण्यासाठी १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले संचालक होते. हेच केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था, चेन्नई या नावाने ओळखले जाते.

केंद्राच्या पहिल्या अभ्यासात १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले आणि दुसऱ्याला घरीच राहू दिले. औषधे दोन्ही गटांना तीच होती: आयसोनियाझिड आणि पॅस, एक वर्षभर. घरी राहिलेले रुग्ण शहरातील दाट वस्तीत राहत, त्यांचा आहार निकृष्ट होता आणि त्यांना विश्रांतीही कमी मिळे. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांतील बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे आढळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांमध्ये रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. उपचार सुरू होण्यापूर्वी जो संसर्ग व्हायचा तो होऊन गेलेला असतो आणि औषधे सुरू झाल्यावर रुग्णापासूनचा धोका लवकर कमी होतो, असा त्याचा अर्थ होता.

अनावश्यक उपचार टाळण्याचे वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील हे एक मोठे उदाहरण मानावे लागेल. दीर्घकाळची समजूत एका साध्या तुलनेने मोडीत निघाली. पुढील काळात जगभरची आरोग्यधामे बंद पडली किंवा त्यांचे सर्वसाधारण रुग्णालयांत रूपांतर झाले. रुग्ण घरी राहू शकला आणि कुटुंबाची ताटातूट टळली.

मात्र याच यशातून सातत्याचा प्रश्न जन्माला आला. आरोग्यधामात औषध परिचारिकेच्या हातून मिळत असे. घरी ते रुग्णाच्या हाती आले. मद्रास केंद्रातील संशोधकांना याची जाणीव लवकरच झाली. रुग्णाच्या घरी अचानक भेट देऊन गोळ्या मोजणे आणि लघवीची तपासणी करून औषध पोटात गेले आहे का ते पाहणे, असे उपाय त्यांनी योजले. औषध घेतल्याचे सांगणारे सर्वच जण ते घेत नसतात, हे त्यांतून उघड झाले. फॉक्स यांनी १९५८ सालीच रुग्णाने स्वतः औषध घेण्यातील अडचणींवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला होता. आठवड्यातून दोनदा केंद्रात येऊन, कर्मचाऱ्यासमोर औषध घेण्याची पद्धतही मद्रासमध्येच अभ्यासली गेली.

राष्ट्रीय कार्यक्रम आणि डॉट्स

बंगळूर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा क्षयरोग केंद्रातून गोळ्या देण्याची सोय झाली, परंतु औषधांचा अपुरा पुरवठा आणि पाठपुराव्याचा अभाव यांमुळे बरेच रुग्ण उपचार पूर्ण करीत नसत.

दरम्यान चेक वंशाचे डॉक्टर कारेल स्टिब्लो यांनी टांझानियात १९७० च्या दशकाअखेरीपासून एक पद्धत बसवली. थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने निदान, अल्पमुदतीचा उपचार, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाच्या निकालाची नोंद ही तिची वैशिष्ट्ये होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले. स्टिब्लो यांच्या पद्धतीवर आधारलेले धोरण पुढे ‘डॉट्स’ या नावाने प्रसिद्ध झाले. भारतात १९९३ पासून तिचे प्रायोगिक प्रकल्प, १९९७ पासून विस्तार आणि मार्च २००६ पर्यंत संपूर्ण देशात अंमलबजावणी झाली. या कार्यक्रमाचे नाव सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम असे होते. २०२० पासून तो राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम म्हणून ओळखला जातो.

डॉट्समध्ये रुग्ण आठवड्यातून तीनदा केंद्रावर येऊन कर्मचाऱ्यासमोर गोळ्या घेत असे. दोन-तीन महिन्यांच्या पहिल्या टप्प्यानंतर आठवड्याची पहिली मात्रा समोर आणि उरलेल्या घरी, असा क्रम असे. पुढच्या खेपेला रिकामे पाकीट परत आणावे लागे. प्रत्येक रुग्णाच्या नावाने संपूर्ण उपचाराची औषधे असलेला स्वतंत्र खोका पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवला जाई. देखरेखीची चर्चा पुष्कळ झाली, पण या खोक्याचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. औषध संपल्यामुळे उपचार थांबणार नाही, ही त्या खोक्याची हमी होती.

थुंकीत जंतू आढळलेल्या नव्या रुग्णांमध्ये या कार्यक्रमाच्या यशाचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या पुढे गेले. तीन दिवसांच्या पद्धतीवर मात्र टीकाही झाली: आठवड्यात तीनच मात्रा असल्यास त्यांतली एक चुकणेही महागात पडते. सर्वोच्च न्यायालयासमोरील एका जनहित याचिकेनंतर २०१७ पासून देशभर रोज औषध देण्याची पद्धत आली. तिच्यात अनेक औषधे एकाच गोळीत एकत्र असतात आणि गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनानुसार ठरते.

रुग्ण कोठे गळतात

उपचारांचे यश सामान्यतः उपचार सुरू केलेल्या रुग्णांमध्ये मोजले जाते. जे तेथवर पोहोचलेच नाहीत त्यांचा हिशेब त्यात येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०१३ या वर्षातील भारताच्या सार्वजनिक क्षेत्रासाठी हा पूर्ण हिशेब मांडला. त्यानुसार देशातील दर १०० क्षयरोग्यांपैकी ७२ जण सरकारी केंद्रापर्यंत पोहोचले, ६० जणांचे निदान झाले, ५३ जणांची उपचारासाठी नोंद झाली, ४५ जणांनी उपचार पूर्ण केले आणि ३९ जण वर्षभरानंतरही रोगमुक्त व जिवंत होते.

या आकड्यांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. उपचार सुरू झाल्यावर गळालेले रुग्ण शंभरांत ८ होते. उपचार सुरू होण्यापूर्वीच गळालेले ४७ होते. न पोहोचलेल्यांपैकी काही खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत होते, हे खरे. तरीही निदान झालेले ७ जण नोंद होईपर्यंत हरवतात आणि केंद्रात येऊन गेलेल्या १२ जणांचा रोग ओळखलाच जात नाही, याचा दोष रुग्णाच्या बेशिस्तीवर टाकता येत नाही.

अनावश्यक तपासण्या आणि औषधे

भारतात क्षयरोगाचा रुग्ण बहुधा प्रथम खासगी डॉक्टर किंवा औषधांचे दुकान गाठतो. औषधविक्रीवरून काढलेल्या एका अंदाजानुसार २०१४ साली देशातील खासगी क्षेत्रात दिले गेलेले क्षयरोगाचे उपचार सरकारी क्षेत्राच्या जवळजवळ दुप्पट होते. २०१४ च्याच एका आढाव्यात लक्षणे दिसू लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत सुमारे ५५ दिवस जातात आणि तेवढ्यात रुग्ण सरासरी जवळजवळ तीन डॉक्टरांकडे जाऊन येतो, असे आढळले.

या काळात नेमके काय घडते, याचा शोध ‘प्रशिक्षित रुग्ण’ पाठवून घेण्यात आला. ठरावीक लक्षणे सांगण्यास शिकवलेल्या व्यक्ती सामान्य रुग्ण म्हणून दवाखान्यात जातात आणि मिळालेल्या उपचारांची नोंद करतात. मुंबई व पाटणा येथील १,२०० हून अधिक खासगी डॉक्टरांच्या अशा पाहणीत (२०१८) केवळ एक तृतीयांशाहून थोड्या अधिक भेटींत योग्य मार्गदर्शन मिळाले. औषध मात्र जवळजवळ प्रत्येकालाच मिळाले. त्यांत प्रतिजैविके होती, क्वचित स्टिरॉइडही होते. फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविक साध्या खोकल्यासाठी दिल्यास क्षयरोगाची लक्षणे काही काळ दबतात आणि निदान लांबते. स्टिरॉइडनेही तात्पुरते बरे वाटते व रोग आत वाढत राहतो.

दिल्ली, मुंबई आणि पाटणा येथील ६२२ औषधदुकानांच्या अशाच पाहणीत (२०१६) एक दिलासादायक गोष्ट आढळली. एकाही दुकानदाराने क्षयरोगाची मुख्य औषधे चिठ्ठीवाचून दिली नाहीत. केवळ लक्षणे सांगितली तेव्हा योग्य वागणूक १३ टक्के प्रसंगी दिसली. थुंकीत जंतू सापडल्याचा अहवाल दाखवला तेव्हा ते प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले आणि प्रतिजैविकांची विक्रीही घटली. खात्रीचा अहवाल हाती असला की अनावश्यक औषध आपोआप कमी होते, हा या पाहणीतला मोलाचा भाग आहे.

चुकीच्या तपासणीचे सर्वांत मोठे उदाहरण रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे आहे. रक्ताचा नमुना घेऊन क्षयरोगाचे निदान करण्याचा दावा या चाचण्या करीत. त्यांचे निकाल इतके अविश्वसनीय होते की रोग असलेला निरोगी ठरे आणि निरोगी माणूस सहा महिने औषधे घेई. तरीही एका अंदाजानुसार भारतात दर वर्षी अशा सुमारे १५ लाख चाचण्या होत, बहुतेक खासगी प्रयोगशाळांत. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. क्षयरोगाच्या एखाद्या चाचणीविरुद्ध तिने अशी शिफारस करण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. जून २०१२ मध्ये भारत सरकारने या चाचण्यांची आयात, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली.

त्यांची जागा थुंकीतील जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचण्यांनी घेतली. सीबी-नॅट ही त्यांतील पहिली. ट्रूनॅट ही दुसरी चाचणी गोव्यातील मोलबायो या कंपनीने विकसित केली असून २०२० साली तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ती बॅटरीवर चालत असल्याने लहान आरोग्य केंद्रांतही वापरता येते. या दोन्ही चाचण्यांतून जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतात की नाही, हेही काही तासांत कळते.

मुंबईतील अनुभव

डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांमधील गोंधळाची नोंद मुंबईत फार पूर्वी झाली होती. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धारावी परिसरातील सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगाची चिठ्ठी लिहिण्यास सांगितले असता त्यांनी ८० निरनिराळे उपचारक्रम लिहिले. सुमारे वीस वर्षांनी, २०१० साली, झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी मुंबईतच तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टरांनी ६३ उपचारक्रम लिहिले. त्यांतील योग्य चिठ्ठ्या अवघ्या ६ होत्या. रुग्णाने अशा चिठ्ठीचे तंतोतंत पालन केले तरी तो बरा होईलच असे नाही. सातत्य चुकीच्या उपचाराचे असेल तर ते हानीच करते, ही गोष्ट या विषयावरील लेखनात पुरेशी मांडली जात नाही.

उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस तपासलेल्या सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. (‘पूर्णतः औषध-प्रतिरोधी’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली नाही.) यांपैकी तीन रुग्णांना दीड वर्षात सरासरी चार खासगी डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीतील औषधे एकेक करून, अनेकदा चुकीच्या मात्रेत मिळाली होती. त्यानंतर २०१२ च्या मे महिन्यात प्रत्येक क्षयरोग्याची सरकारकडे नोंद करणे खासगी डॉक्टरांना बंधनकारक झाले आणि त्यासाठी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू झाली. २०१४ पासून मुंबई, पाटणा व मेहसाणा येथे खासगी डॉक्टरांच्याच रुग्णांना मोफत तपासणी व औषधे देणारे प्रकल्प राबवले गेले. रुग्णाला त्याच्या विश्वासातल्या डॉक्टरांपासून तोडण्याऐवजी त्या डॉक्टरांनाच योग्य उपचाराशी जोडण्याचा हा मार्ग होता.

औषध सुटण्याची कारणे

बरे वाटू लागणे हे सर्वांत सामान्य कारण वर आलेच आहे. दुसरे कारण दुष्परिणामांचे. मळमळ, उलट्या, सांधेदुखी, हातापायांची जळजळ आणि क्वचित यकृताला सूज असे त्रास होतात. रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी-लाल होते. ही बाब निरुपद्रवी आहे, परंतु आधी सांगितली नसेल तर लघवीतून रक्त जात आहे या समजुतीने रुग्ण घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. दोन मिनिटांच्या बोलण्याने टळणारी ही गळती आहे.

रोजंदारीवर काम करणाऱ्याला केंद्राची वेळ गाठण्यासाठी मजुरी बुडवावी लागते. स्थलांतर हे आणखी एक कारण. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांचा हंगाम आणि क्षयरोगाचा उपचार यांची मुदत जवळजवळ सारखीच असल्याने, गावी सुरू झालेला उपचार दुसऱ्या जिल्ह्यातील फडावर पूर्ण व्हावा लागतो. निक्षयमधील नोंद देशात कोठेही पाहता येते, त्यामुळे उपचार स्थलांतरित करण्याची सोय कागदोपत्री आहे. ती प्रत्यक्षात येण्यासाठी फडाजवळच्या आरोग्य केंद्राने त्या मजुराला शोधून काढणे आवश्यक असते.

लोकलज्जेचा भार स्त्रियांवर अधिक पडतो. लग्न मोडेल या भीतीने मुलीचा रोग लपवला जातो, सुनेला माहेरी पाठवून दिले जाते. ओळखीच्या केंद्रावर गोळी घेताना कोणी पाहील या धास्तीने उपचार सोडण्याचे प्रसंगही येतात. दारूचे व्यसन, मानसिक आजार आणि जोडीला असलेला मधुमेह किंवा एचआयव्ही यांमुळेही सातत्य ढळते.

देखरेख आणि तंत्रज्ञान

प्रत्यक्ष देखरेखीने सातत्य वाढते, हे अनेक वर्षे गृहीत धरले गेले. तुलनात्मक चाचण्यांचे निष्कर्ष तितके निःसंदिग्ध नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथील १९९८ च्या चाचणीत स्वतःच्या जबाबदारीवर औषध घेणाऱ्यांचे निकाल देखरेखीखालील रुग्णांपेक्षा वाईट नव्हते. पाकिस्तानातील २००१ च्या चाचणीत आरोग्य कर्मचारी, घरातील व्यक्ती आणि स्वतः रुग्ण या तिन्ही गटांचे निकाल जवळपास सारखेच आले. अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनेही केवळ देखरेख हे सातत्याच्या प्रश्नाचे उत्तर नाही असाच निष्कर्ष काढला. डॉट्सच्या यशात नियमित औषधपुरवठा, मोफत उपचार आणि नोंदी यांचा वाटा मोठा होता, असे यावरून मानण्यास जागा आहे. आज भारतात आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, शेजारी किंवा कुटुंबातील व्यक्तीही उपचार-साहाय्यक होऊ शकते.

मोबाइलच्या प्रसारानंतर ‘९९ डॉट्स’ ही पद्धत भारतात तयार झाली. गोळ्यांच्या पाकिटावर एक कागदी आवरण असते. गोळी काढली की तिच्यामागे दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो. रुग्ण त्यावर विनाशुल्क मिस्ड कॉल देतो आणि गोळी घेतल्याची नोंद होते. कल्पना स्वस्त आणि चतुर होती. परंतु चेन्नई, वेल्लोर व मुंबई येथे लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिले असता ही नोंद पुरेशी अचूक नसल्याचे दिसले. पुष्कळ रुग्ण गोळी घेत, पण कॉल करीत नसत. चीनमधील २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत आठवण करून देणाऱ्या औषधपेटीमुळे मात्रा चुकण्याचे प्रमाण घटले, मात्र मोबाइलवरील संदेशांचा तसा उपयोग झाला नाही.

अन्न आणि आर्थिक साहाय्य

एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली प्रत्येक नोंदणीकृत क्षयरोग्याच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. बँक खाते नसणे आणि रक्कम उशिरा मिळणे या तिच्या नेहमीच्या अडचणी आहेत.

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात २,८०० रुग्णांना आणि त्यांच्या १०,३४५ कुटुंबीयांना सामावून घेण्यात आले. रुग्णांना दरमहा शिधा देण्यात आला; कुटुंबीयांपैकी एका गटालाही तो मिळाला. २०२३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होते, आणि आरंभीच्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. मद्रासच्या प्रयोगाशी याचा विरोध आहे असे वरकरणी वाटते. मद्रासमध्ये औषधाने जंतू नष्ट होतात का, हे मोजले गेले आणि त्यासाठी आरोग्यधामातील आहाराची गरज नाही असे ठरले. रुग्ण जगतो का, आणि घरातील दुसरा माणूस आजारी पडतो का, या प्रश्नांत अन्नाचा वाटा किती हे कळण्यास आणखी साठ वर्षे जावी लागली.

औषधांचा पुरवठा

सातत्याची पहिली अट औषध उपलब्ध असणे ही आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय खरेदीस विलंब झाल्याने केंद्र सरकारने राज्यांना तीन महिन्यांपुरती क्षयरोगाची औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले होते. अशा वेळी सहा महिने एकही मात्रा न चुकवण्याची ताकीद मिळालेल्या रुग्णाला काही दिवसांच्याच गोळ्या घेऊन परतावे लागते, किंवा बाजारातून विकत घ्याव्या लागतात. अशी पोकळी रुग्णाच्या उपचारपत्रिकेवर मात्रा चुकली अशीच दिसते. ती कोणामुळे चुकली, यासाठी तिथे रकाना नाही.

उपचाराची मुदत कमी करणे

रुग्णाला दीर्घकाळ बांधून ठेवण्याऐवजी उपचारच आटोपशीर करावा, या दिशेने अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. रिफापेंटिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांवर आधारित चार महिन्यांचा उपचारक्रम सहा महिन्यांच्या उपचाराइतकाच गुणकारी असल्याचे २०२१ साली दिसून आले.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात हा बदल अधिक ठळक आहे. पूर्वी त्यासाठी दीड ते दोन वर्षे औषधे घ्यावी लागत आणि आरंभीचे कित्येक महिने रोज इंजेक्शन टोचून घ्यावे लागे. या इंजेक्शनांमुळे अनेकांना कायमचे बहिरेपण आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचारक्रम मान्य केला. तो पूर्णपणे तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांचा आहे. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश करण्यास मंजुरी दिली.